कच्चा मध म्हणजे पिकलेलाच मध

वाचकांचे प्रश्न

मधाविषयी आलेल्या पत्रांचा रोख बहुतेक एकाच बाजूला आहे. 'रॉ' म्हणून विकला जाणारा मध आणि दुकानातल्या फळीवरचा नेहमीचा मध यांत फरक खरा किती आणि जाहिरातीचा किती, असे अनेकांनी विचारले आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : एका बाटलीवर 'रॉ हनी' छापलेले असते, शेजारच्या बाटलीवर नुसतेच 'मध'. एक गढूळ, दुसरा काचेसारखा नितळ. दोन्ही मधमाश्यांनीच केलेले, मग फरक येतो कुठून?

उत्तर : आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपण 'कच्चा' म्हणतो तेव्हा न पिकलेले फळ डोळ्यांसमोर येते. मधाच्या बाबतीत नेमके उलटे आहे. कच्चा मध म्हणजे पोळ्यात पूर्ण पिकलेला, पण नंतर आचेवर न चढलेला मध. जो पिकायच्या आत काढला जातो तो अपक्व मध, आणि तो कोणत्याही नावाने विकला तरी टिकत नाही.

फुलातल्या मकरंदात साधारण 60 ते 80 टक्के पाणी असते. माश्या तो एकमेकींच्या तोंडात देतात, त्यात आपली विकरे (एन्झाइम) मिसळतात, मग घरट्यातल्या षटकोनी खणांत पातळ पसरून पंखांनी वारा घालत राहतात. पाणी 18 टक्क्यांच्या आसपास उतरले की खणावर मेणाचे झाकण बसते. जाणता मधपाळ चौकटीवरचे निदान तीन चतुर्थांश खण झाकलेले दिसेपर्यंत थांबतो. शंका असेल तर चौकट आडवी धरून खाली एक हिसका देतो. उघड्या खणांतून थेंब उडाले, तर ती चौकट पुन्हा पेटीत जाते.

तयार चौकटीवरची मेणाची झाकणे सुरीने काढायची, चौकट मधयंत्रात फिरवायची, आलेला मध जाळीतून गाळायचा, एक-दोन दिवस उंच भांड्यात शांत ठेवायचा. फेस, मेणाचे कण, माशीचा एखादा पंख वर येतो. तो काढून टाकायचा आणि भांड्याच्या तळाच्या तोटीतून बाटल्या भरायच्या. कच्च्या मधावर होणारी प्रक्रिया एवढीच. गाळायची जाळी साधारण 200 ते 400 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. परागकण बहुतेक 10 ते 100 मायक्रॉनचे असल्याने ते त्यातून आरामात पार होतात. गढूळपणा येतो तो ह्या परागकणांमुळे, बारीक बुडबुड्यांमुळे आणि साखरेच्या अतिसूक्ष्म रव्यांमुळे.

कारखान्यात वेगवेगळ्या भागांतून, वेगवेगळ्या हंगामांत आलेली पिंपे एकत्र होतात. मध ओतता यावा म्हणून पिंपे ऊबदार खोलीत ठेवतात. मग रंग-चव दरवेळी सारखी यावी म्हणून मिश्रण करतात आणि पाणी जास्त असेल तर निर्वातात कमी करतात. त्यानंतर मध तापवतात. 63 अंश सेल्सिअसला अर्धा तास, किंवा 70 ते 77 अंशांना काही सेकंद ते मिनिटभर. पातळ झालेला मध दाबाखाली बारीक गाळणीतून जातो आणि थंड करून बाटलीत भरला जातो.

हे तापवणे दुधासारखे रोगजंतू मारण्यासाठी नसते. मधात पाणी इतके थोडे आणि आम्लता इतकी की जंतू त्यात वाढतच नाहीत. तापवण्याने मध आंबवणारे यीस्ट मरते, रवे विरघळतात आणि मध गाळणीतून सहज उतरतो. थोडक्यात, फळीवर वर्षभर नितळ दिसावा यासाठी हा खटाटोप. त्यात सगळ्यांत आधी उडतो तो सुवास, कारण फुलाची ओळख देणारी सुगंधी द्रव्ये उष्णतेने लगेच निघून जातात. विकरे कमी होतात, आणि गाळणी फार बारीक असेल तर परागकणही जातात. परागकण गेले की मध कुठल्या फुलांचा, कुठल्या प्रदेशातला, हे तपासण्याचा एक मोठा आधारच हातचा जातो.

आणखी एक गल्लत. 'प्रक्रिया केलेला' म्हणजे 'भेसळीचा' नव्हे. तापवून गाळलेला मध शंभर टक्के मध असू शकतो, आणि 'रॉ' छापलेल्या बाटलीत साखरेचा पाक असू शकतो. अनेक देशांत 'रॉ' या शब्दाला कायद्याची व्याख्या नाही, त्यामुळे तो विक्रेत्याचा शब्द समजायचा, हमी नव्हे.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी घेतलेला मध तळापासून घट्ट, पांढरट आणि रवाळ झाला आहे. साखर मिसळली होती का? फेकून द्यावा का?

उत्तर : फेकू नका. मध हे साखरेचे अतिसंपृक्त द्रावण आहे, म्हणजे एवढ्याशा पाण्यात मावेल त्यापेक्षा जास्त साखर त्यात विरघळलेली असते. त्यातले सुमारे 38 टक्के फ्रुक्टोज पाण्यात सहज राहते. सुमारे 31 टक्के ग्लुकोज मात्र संधी मिळताच रवे धरते. ज्या फुलांच्या मकरंदात ग्लुकोज जास्त, त्यांचा मध लवकर गोठतो. सूर्यफूल आणि मोहरी ही त्याची ठळक उदाहरणे. बाभळीसारख्या दिसणाऱ्या रोबिनिया झाडाचा मध फ्रुक्टोज जास्त असल्याने वर्षानुवर्षे पातळ राहतो. कच्च्या मधात परागकण आणि सूक्ष्म रवे आधीच असतात, त्यांच्याभोवती नवे रवे जमतात, म्हणून तो लवकर घट्ट होतो. गोठण्याचा वेग 13-14 अंश सेल्सिअसला सर्वाधिक असतो.

मग गोठला म्हणजे शुद्ध? तेही नाही. काही पाकसुद्धा रवे धरतात. गोठण्यावरून भेसळ सिद्ध होत नाही, शुद्धताही नाही.

पातळ करायचा असेल तर असा करा. मध काचेच्या बाटलीत हवा. प्लास्टिकची असेल तर आधी काढून घ्या, कारण ती उष्णतेने मऊ पडते. पसरट भांड्यात तळाशी कापडाची घडी ठेवा, तीवर बाटली उभी करा आणि बाटलीच्या खांद्यापर्यंत 40 ते 45 अंशांचे पाणी ओता. झाकण असू द्या, पण घट्ट पिळू नका. स्वयंपाकाचा थर्मामीटर पाण्यात ठेवा. तो नसेल तर हात बुडवून पाहा. पाणी चांगले ऊन लागावे, पण हात ओढून घ्यावासा वाटू नये. पाणी निवले की बदला आणि दर अर्ध्या तासाने कोरड्या चमच्याने मध तळापासून ढवळा. बारीक रवा काही तासांत विरघळतो, दगडासारखा बसलेला मध दिवसभर घेतो.

मध पातळ दिसू लागला की घाईने थांबू नका. बाटली उजेडासमोर धरा. आत धुळीसारखी चमक दिसली तर रवे शिल्लक आहेत आणि पंधरा दिवसांत मध पुन्हा गोठणार. मायक्रोवेव्हमध्ये मध सगळीकडे सारखा तापत नाही. कडेचा मध उकळतो तेव्हा मधला अजून घट्टच असतो. उन्हात ठेवणे हा लोकप्रिय उपाय, पण उजेडाने मधातले एक विकर खराब होते आणि तापमानावर तुमचा ताबा राहत नाही.

बाटलीच्या कडेला आतून पांढऱ्या रेघा किंवा फुलासारखी नक्षी दिसते, ती बुरशी नव्हे. रव्यांच्या मधोमध अडकलेली हवा आहे ती.

प्रश्न : मध तापवला की विषारी होतो असे ऐकले. गरम पेयात घालू नये का?

उत्तर : मध तापला किंवा फार जुना झाला की फ्रुक्टोजपासून हायड्रॉक्सिमिथाइलफरफ्युरल, म्हणजे एचएमएफ, तयार होते. या एचएमएफमुळे 'विष' हा शब्द आला. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात त्याची मर्यादा किलोमागे 40 मिलिग्रॅम आहे, उष्ण प्रदेशांतल्या मधासाठी 80. ही मर्यादा विषबाधेच्या भीतीने घातलेली नाही. मधाचे किती हाल झाले हे मोजायची ती पट्टी आहे. भाजलेल्या कॉफीत आणि सुकामेव्यात एचएमएफ मधापेक्षा कितीतरी जास्त असते. कपभर गरम पेयात चमचाभर मध काही मिनिटे राहिल्याने नाव घेण्याजोगे एचएमएफ तयार होत नाही. जातो तो सुवास. चांगला कच्चा मध असेल तर पेय पिण्याजोगे कोमट झाल्यावर घाला, एवढेच.

आता खरी मेख. उष्णतेचे नुकसान तापमान आणि वेळ या दोघांच्या हिशेबावर ठरते. मधातले डायस्टेस हे विकर 20 अंशांना निम्मे व्हायला सुमारे चार वर्षे लागतात. 30 अंशांना साधारण 200 दिवस, 40 अंशांना महिना, 50 अंशांना पाच-सहा दिवस, 60 अंशांना एक दिवस, 70 अंशांना पाच तास. या आकड्यांवरून दोन गोष्टी निघतात. वर सांगितल्याप्रमाणे 40 अंशांच्या पाण्यात दहा तास ठेवलेल्या मधातले डायस्टेस जेमतेम एक टक्का जाते. आणि 75 अंशांना अर्धा मिनिट तापवून लगेच थंड केलेला कारखान्यातला मध, पत्र्याच्या गोदामात 40 अंशांत महिनाभर पडलेल्या 'रॉ' मधापेक्षा चांगल्या स्थितीत असू शकतो. लेबलवर 'तापवलेला नाही' लिहिणाऱ्याने गोदामाचे तापमान लिहिलेले नसते.

प्रश्न : पाण्यात थेंब टाकणे, काडीने पेटवणे, कागदावर शोषतो का पाहणे, यांतली कोणती चाचणी विश्वासाची?

उत्तर : एकही नाही. पाण्यात थेंब सरळ तळाशी जातो, कारण मध घट्ट आणि जड असतो. घनता लिटरला सुमारे 1.4 किलो. साखरेचा दाट पाकही तितकाच जड करता येतो आणि तोही तसाच तळाशी बसतो. उलट पाणी जास्त असलेला अस्सल मध लवकर विरघळून 'नापास' होतो. कागदावरचा डाग आणि पेटणारी काडी हीसुद्धा पाण्याचेच प्रमाण सांगतात. मुंग्या येण्या-न येण्याला तर काहीच अर्थ नाही.

प्रयोगशाळेतही हे काम सोपे नाही. ऊस आणि मका यांच्या साखरेतले कार्बनच्या समस्थानिकांचे, म्हणजे हलक्या-जड कार्बन अणूंचे, प्रमाण बहुतेक फुलझाडांपेक्षा वेगळे असते, त्यामुळे त्यांचा पाक पकडता येतो. तांदूळ किंवा बीटापासून केलेला पाक त्या चाचणीतून निसटतो. त्यासाठी एनएमआरसारख्या (चुंबकीय क्षेत्रात रेणू ओळखणाऱ्या) महागड्या पद्धती लागतात आणि त्यांनाही तुलनेसाठी अस्सल मधांच्या नमुन्यांचा मोठा संग्रह हवा.

घरी मोजता येते अशी एकच कामाची गोष्ट म्हणजे पाण्याचे प्रमाण. मधासाठीचा हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर मिळतो. मधातून जाताना प्रकाश किती वाकतो यावरून तो पाणी मोजतो. पूर्ण पातळ मधाचा एक थेंब काचेवर ठेवायचा, झाकण टेकवायचे, मिनिटभर थांबायचे आणि उजेडाकडे धरून वाचायचे. थेंबात रवे असतील तर निळ्या-पांढऱ्या भागांमधली रेघ धूसर येते आणि आकडा चुकतो. 17 ते 18 टक्के पाणी म्हणजे उत्तम. कोडेक्सची कमाल मर्यादा 20 आहे.

लेबलवर काय पाहावे? काढणीचा हंगाम किंवा वर्ष, कुठल्या प्रदेशातला, कुठल्या फुलांचा, आणि अनेक देशांतल्या मधांचे मिश्रण आहे का. 'शंभर टक्के नैसर्गिक' या शब्दांतून काहीच कळत नाही. दरवर्षी रंग, चव आणि दाटपणा तंतोतंत सारखा असेल, तर तो मिश्रणाचा मध आहे हे ओळखावे. फुलोरा दरवर्षी सारखा येत नाही.

प्रश्न : कच्च्या मधाची बाटली उघडताना 'फुस्' असा आवाज आला. वर फेस, वास किंचित आंबूस, खाली रवे आणि वर पातळ थर. खराब झाला?

उत्तर : आंबला आहे. तुम्ही वर्णन केलेल्या थरांतच कारण आहे. ग्लुकोज रवे धरते तेव्हा थोडेच पाणी रव्यात अडकते. उरलेले वरच्या पातळ भागात राहते. मूळ मधात पाणी 19 टक्के असेल तर वरच्या थरात ते त्याहून जास्त होते. साखरेत जगणारे यीस्ट कच्च्या मधात असतेच, त्याला तेवढे पुरते. पाणी 17 टक्क्यांच्या खाली असेल तर यीस्ट असूनही मध आंबत नाही. 19 च्या वर गेले की आज ना उद्या आंबतो.

ताज्या मधावरचा फेस वेगळा असतो. तो पांढरा, कोरडा, बिनवासाचा आणि भरताना अडकलेल्या हवेचा. आंबल्याचा फेस ओलसर असतो, वास दारूसारखा किंवा व्हिनेगरसारखा येतो आणि झाकण उघडताना दाब जाणवतो. असा मध चवीला बिघडलेलाच. सुरुवात असेल तर भाजण्याच्या पदार्थांत संपवता येतो.

बहुतेक वेळा चूक साठवणीत असते. मध हवेतले पाणी ओढतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर असेल आणि झाकण सैल असेल, तर चांगला पिकलेला मधही पाणी घेत जातो. ओला चमचा हे दुसरे कारण. काचेची बाटली, घट्ट झाकण, अंधारी आणि शक्यतो थंड जागा एवढे पुरते. फ्रीजची गरज नाही. तिथे मध इतका घट्ट होतो की चमच्याने निघत नाही. स्टीलचा चमचा बेलाशक वापरा. लोखंडी किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या भांड्यात मात्र साठवू नका, कारण मधाचा पीएच साधारण 3.9 असतो आणि आम्ल धातू खाते.

प्रश्न : कच्च्या मधातली विकरे आणि परागकण यांमुळे पचन सुधारते, अ‍ॅलर्जी जाते, मधुमेहींनाही चालतो असे म्हणतात. खरे किती?

उत्तर : विकरे ही प्रथिने आहेत. पोटात त्यांचे इतर प्रथिनांसारखेच तुकडे होतात. त्यांचा खरा उपयोग मधालाच होतो. इन्व्हर्टेज मकरंदातली सुक्रोज, म्हणजे उसात असते तीच साखर, फोडते, आणि ग्लुकोज ऑक्सिडेज किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करून मध पिकेपर्यंत त्याला सांभाळते.

अ‍ॅलर्जीचे गणितही जुळत नाही. शिंका आणणारे परागकण बहुतेक गवते, तण आणि झाडे यांचे, वाऱ्यावर उडणारे. मधातले मुख्यतः माश्यांनी वाहिलेले, जड आणि चिकट. उलट ज्यांना परागकणांची तीव्र अ‍ॅलर्जी आहे त्यांना कच्च्या मधाने क्वचित त्रास होतो.

मधुमेहाबाबत स्पष्ट बोलायला हवे. 21 ग्रॅमचा एक मोठा चमचा मध म्हणजे सुमारे 17 ग्रॅम साखर आणि 64 किलोकॅलरी. तो कच्चा असो की तापवलेला, हा आकडा हलत नाही. आणि जखमेवर बाटलीतला मध लावू नका. रुग्णालयात वापरतात तो गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो.

मग कच्चा मध घ्यायचा कशासाठी? चवीसाठी. ते कारण पुरेसे आहे आणि तेच प्रामाणिक आहे.

प्रश्न : बाळ दहा महिन्यांचे आहे. शुद्ध कच्चा मध बोटभर चाटवला तर चालेल?

उत्तर : नाही. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत कोणताच मध नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांचे काही चालत नाही, तान्ह्याच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात. कारखान्यातल्या 75 अंशांना हे बीजाणू मरत नाहीत, त्यासाठी दाबाखाली 121 अंश लागतात. म्हणून कच्चा आणि प्रक्रिया केलेला, दोन्ही सारखेच वर्ज्य. मध दिला गेला असेल आणि नंतर बद्धकोष्ठता, क्षीण रडणे, दूध ओढण्यात अशक्तपणा किंवा अंग ढिले पडणे दिसले, तर थांबू नका, बाळाला ताबडतोब डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : लोण्यासारखा मऊ, पसरवता येणारा 'क्रीम' मध मिळतो. त्यात काय मिसळतात? घरी होतो का?

उत्तर : काहीच मिसळत नाहीत. तो गोठलेलाच मध आहे, फक्त रवे इतके बारीक की जिभेला जाणवत नाहीत. कॉर्नेल विद्यापीठातल्या एल्टन डाइस यांनी ही पद्धत बसवली आणि 1935 मध्ये तिचे पेटंट झाले. मूळ पद्धतीत मध आधी तापवतात, पण कच्च्या मधावरही ती चालते.

एक किलो पूर्ण पातळ मध घ्या. उजेडासमोर धरून एकही रवा नसल्याची खात्री करा, नाहीतर जुने जाडे रवेच वाढत बसतील. मध 24-25 अंशांपर्यंत निवू द्या. त्यात 100 ग्रॅम तयार क्रीम मध विरजणासारखा घाला. विरजण म्हणून घेतलेला मध जिभेवर ठेवून टाळूला घासून पाहा. जरा जरी खरखर लागली तरी तो नको, कारण नवे रवे जुन्यांची नक्कल करतात. दहा मिनिटे सावकाश ढवळा. फेटू नका, हवा शिरते आणि वर फेसाचा थर बसतो. रुंद तोंडाच्या बरणीत भरून 14 अंशांच्या आसपास आठवडाभर ठेवा.

25 अंशांच्या वर ठेवलात तर बरणी आठवडेच्या आठवडे अर्धवट राहते. मधात पाणी 17 टक्क्यांपेक्षा फार कमी असेल तर क्रीम कडक बसते, तेव्हा ती पुन्हा घरातल्या उबेत दोन-तीन दिवस ठेवून एकदा ढवळावी. पाणी 19 टक्क्यांवर असेल तर हा उद्योग करू नका. तो मध आंबायच्या आत खाऊन संपवा.